पाण्याची टाकी झाली किटली

माझे बालपण गोव्यातल्या, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कुळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेले. वडील लोको शेडमध्ये नोकरीला असल्यामुळे घरातल्या बोलण्यात घाट, बँकर आणि पाणी हे तीन शब्द रोज असत. १:३७ चा चढ, म्हणजे ३७ फुटांमागे एक फूट, एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून मागून रेटायला बँकर, म्हणजे जादा इंजिन, जोडावे लागे आणि त्यासाठी प्रत्येक गाडी कुळ्याला थांबे. आमच्या गावाला नकाशावर जागा मिळाली ती या थांब्यामुळे, असे वडील अभिमानाने सांगत.

गेल्या वर्षी भाचीकडे अमेरिकेत ओमाहाला गेलो असता तिने विचारले, "मामा, तुला रेल्वेचे एक गाव दाखवू?" आणि तासाभराच्या अंतरावर, आयोवा राज्यातील स्टँटन या गावी घेऊन गेली. वस्ती सातशेच्याही आत आहे, आणि बहुतेक घरे पांढऱ्या रंगाची. गावाला पूर्वीपासून 'छोटे पांढरे शहर' म्हणतात, असे भाचीने सांगितले.

हे गाव १८७० मध्ये वसले. आयोवातून रूळ नेणाऱ्या बर्लिंग्टन अँड मिसूरी रिव्हर कंपनीला सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंचे, बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे दिले होते. परंतु ओसाड माळावरून रेल्वे नेऊन काय उपयोग? शेतकरी आले तर जमीन विकली जाणार, आणि पुढे त्यांचेच धान्य वाहून भाडेही मिळणार. तेव्हा कंपनीने बेंगट मॅग्नस हॅलंड या स्वीडिश लुथेरन पाद्रीला हाताशी धरले. १८६७ ते १८६९ या काळात स्वीडनमध्ये दुष्काळ पडला होता आणि माणसे देश सोडत होती. अशांना, आणि आधीच अमेरिकेत पोहोचलेल्या त्यांच्या देशबांधवांना, हॅलंडने या माळावर बोलावले. मात्र येणारा श्रद्धाळू असावा, दारुडा नसावा, अशी त्याची अपेक्षा होती. जमिनीचा दलाल आणि धर्मगुरू एकाच अंगरख्यात पाहून मला प्रथम हसू आले. पण परक्या मुलखात जमीन घेताना आपल्या भाषेत प्रवचन करणाऱ्यावरच माणूस विश्वास ठेवणार, हेही तितकेच खरे. त्यांच्या चर्चचे नाव मामरेलुंड. 'लुंड' म्हणजे राई. बायबलमधल्या अब्राहामाने जेथे तंबू ठोकला ती मामरेची राई. देवराया राखणाऱ्या आमच्याकडच्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही.

आमची रेल्वे नेमकी उलट्या कारणाने आली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडायचे ठरले. त्या रुळांना माल हवा होता, कुळ्यात कोणी राहते की नाही याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. म्हणून आमचे क्वार्टर्स रेल्वेचे राहिले, निवृत्तीनंतर चावी परत करावी लागली. स्टँटनच्या शेतकऱ्याच्या हाती मात्र खरेदीखत होते. वडिलांच्या अभिमानाला मी तेव्हा हरकत घेतली नाही, आज घेतली असती.

गावात पाहण्यासारखी वस्तू म्हणजे कॉफीची किटली. १९७१ मध्ये गावकऱ्यांनी पाण्याच्या उंच टाकीला तोटी, कान आणि झाकण लावून तिची किटली केली आणि अंगावर स्वीडिश पद्धतीची फुले रंगवली. निमित्त होते व्हर्जिनिया क्रिस्टीन या अभिनेत्रीचे. ती मूळची याच गावची. कॉफीच्या जाहिरातींत ती अनेक वर्षे 'मिसेस ओल्सन' ही स्वीडिश गृहिणी साकारत असे. आता ती किटली खाली उतरवून जमिनीवर ठेवली आहे. मी तिच्या तोटीखाली उभा राहिलो. लांबून नाजूक दिसणारी फुले जवळून परातीएवढी होती आणि त्यांच्या कडांना ब्रशाचे ओघळ दिसत होते. कुळ्याची टाकी आम्ही चहाची केली असती, यात मला शंका नाही.

आम्ही तेथे असतानाच पश्चिमेकडून कोळशाची मालगाडी आली. वायोमिंगचा कोळसा पूर्वेकडे नेणाऱ्या या गाड्या इथे थांबत नाहीत, प्रवासी गाडीही थांबत नाही. डबे मोजण्याची माझी जुनी खोड. शंभरापर्यंत मोजून सोडून दिले. गाडी गेल्यावर भाचीने विचारले, "मामा, कुळ्याला अजून बँकर लावतात?" लावतात, मी म्हणालो, मुरगावहून वर जाणाऱ्या कोळशाला.