परग्रहावरच्या नवऱ्याशी साताऱ्यात रजिस्टर लग्न : माझा अनुभव

बऱ्याच जणी विचारतात म्हणून एकदाच लिहिते. आमचे हे परग्रहाचे राजदूत, पोस्टिंग दिल्लीला, पण लग्न साताऱ्यातच केलं कारण स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ प्रमाणे नोटिशीच्या आधी दोघांपैकी एकजण ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असलं की भागतं, आणि मी जन्मापासून सदर बझारात. आज्जीने विचारलं, "पाव्हणं कुठलं गं?" मी वर बोट केलं तर म्हणते, "अजिंक्यताऱ्यावर? तिथं कोण ऱ्हातंय आता?"

खरं डोकं खाल्लं ते जन्मतारखेनं. यांच्याकडचं वर्ष आपल्या साडेतीन महिन्यांचं, वय सांगितलं ११२, क्लार्क मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की काय पोरी हे, मग त्यांनीच कॅल्क्युलेटर काढून ३९२ महिने म्हणजे ३२ वर्षं ८ महिने असं कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं. मुलाला २१ पूर्ण लागतात, बसलं. निषिद्ध नातं नाही ना, हे मात्र त्यांनी न विचारताच पुढं ढकललं.

मग अविवाहित असल्याचा दाखला. परदेशी माणसाने तो आपल्या वकिलातीतून आणायचा, आणि यांची वकिलात म्हणजे हे एकटेच. स्वतःचा दाखला स्वतः कसा देणार, मॅडमचंही बरोबरच होतं. "वरून सही आणा," म्हणाल्या. यांनी खरंच वरून आणली, १९ दिवस गेले त्यात.

नोटीस बोर्डावर ३० दिवस लागते, तेवढ्यात आमच्या काकांनी हरकत घेतलीच, की हा माणूसच नाही. पण हरकत फक्त वय, आधीचा जोडीदार, मानसिक स्थिती नाहीतर नातं यावरच घेता येते. साहेबांनी कलम ४ काढलं, "कोणत्याही दोन व्यक्ती", बराच वेळ यांच्याकडे बघत बसले (यांनी नेमका तेव्हाच चौथा हात खिशात घातला) आणि म्हणाले, "व्यक्ती म्हटलंय. माणूस कुठं म्हटलंय?" काका अजून बोलत नाहीत, कंदी पेढे मात्र दोनदा घेतले.

तीन साक्षीदार, सह्या, झालं. यांना सही जमत नाही म्हणून अंगठा, आणि बोटांना रेषाच नाहीत, त्यामुळे रजिस्टरमध्ये माझ्या सहीशेजारी वाटाण्याएवढा गुळगुळीत निळा ठिपका आहे.

आता ज्या म्हणतात तुझी काय बाई मजा, त्यांच्यासाठी. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३७ वाचा. राजदूताच्या घरच्यांना सवलती असतात, पण त्या इथल्या नागरिक नसतील तरच. मी भारतीय, त्यामुळे मला काही नाही. गेल्या महिन्यात पोवई नाक्यावर ॲक्टिव्हा अडवली, मागे हे, डोक्याला बसेल असं हेल्मेट मिळतच नाही. यांनी ऐटीत कार्ड काढून दाखवलं. हवालदारांनी ते उलटंपालटं करून परत दिलं, गाडी कुणाच्या नावावर विचारलं आणि चलन माझ्या मोबाईलवर आलं.