बादलीत सध्या नळाचं पाणी आहे

माझ्याकडं पंचवीस लिटरची एक पांढरी बादली आहे. घट्ट बसणारं झाकण, झाकणाला मधोमध करंगळीएवढं भोक, अंगावर लिटरच्या खुणा. डर्बीहून परत येताना ती सामानात भरली तेव्हा नवरा म्हणाला, "संभाजीनगरात बादल्या मिळत नाहीत का?" मिळतात की. पण या बादलीत मी अकरा वेळा बिअर लावली होती. हो, 'लावली'च म्हणते मी. दही लावतात तशी. धान्याचा कोमट काढा, त्यात जिवंत विरजण, वर झाकण, आणि मग रोज उठून बघायचं, लागलं का म्हणून.

परभणीला फूड टेक्नॉलॉजी शिकले. तिथं किण्वनाचा एक पेपर होता. पाठ केला, पास झाले, विसरले. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी चार वर्षं इंग्लंडात डर्बीला गेली. माझ्या हाताला काम नव्हतं. तिकडं १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. बार्लीचा माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं, विरजणाला यीस्टची पुडी असं सगळं दुकानात मिळतं. शेजारचे आजोबा दर महिन्याला एक बादली लावायचे, त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून शिकले.

पहिली बादली ऐन जानेवारीत लावली. घरात बारा अंश. यीस्ट काही हलेना. तीन दिवस झाले तरी एक बुडबुडा नाही. शेवटी आजीच्या लुगड्यांची गोधडी काढली, बादलीला गुंडाळली आणि हीटिंगच्या पाइपाला टेकवून ठेवली. रात्री अडीचला 'बुळुक' असा आवाज आला. नवऱ्याला हलवून उठवलं. तो कूस बदलत म्हणाला, "नळ गळतोय." दुसऱ्या खेपेला फेसासाठी बाटल्यांत घालायची साखर जास्त पडली. अर्ध्या लिटरच्या बाटलीला तीनेक ग्रॅम पुरते. मी चमचा शिगोशीग भरून घातला, आपल्याकडं पाहुण्याच्या चहात घालतात तसा. जिन्याखालच्या कपाटात दोन बाटल्या फुटल्या आणि पुढं महिनाभर आमच्या कोटांना वास येत होता. तिसऱ्या खेपेची बिअर दिसायला झकास, पण तोंडात घेतली की लोणी लावलेले पॉपकॉर्न. तळाशी बसलेल्या यीस्टवरून घाईनं काढली होती. ही तिसरी खेप लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली तो आठवडा. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. आई फोनवर सांगत होती, "लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली बघ." मी "हो का, हो का" करत होते आणि माझ्यासमोर उकळत्या काढ्याच्या पातेल्यात तांब्याची वेटोळी नळी सोडलेली होती. काढा झटपट निवावा म्हणून त्या नळीतून नळाचं गार पाणी फिरवायचं असतं. ते अर्धा तास धो धो सिंकमध्ये चाललं होतं. फोन ठेवला आणि नळीखाली बादली लावली. त्या रात्री वहीत हिशेब मांडला: काढा, निववणं, धुणं, विसळणं सगळं धरून वीस लिटर बिअरला माझं दीडशे लिटरच्या आसपास पाणी जात होतं.

त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी कापायचा आदेश दिला. आधी निम्मं, मग १० मेपासून साठ टक्के. तोवर माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं, की मी ज्या शहरातून आले ते अख्खं बिअरचं शहर आहे. वाळूज, चिकलठाणा या कारखान्यांच्या बाजूला कितीदा गेले असेन. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' हा स्वतःची बिअर स्वतःच बनवणारा पब सुरू झाला, तेव्हापासून तिकडची मंडळी अशा छोट्या खेपांच्या क्राफ्ट बिअरवर भरभरून बोलतात. आमच्याकडं मात्र टँकच्या टँक बिअर तयार होते आणि मराठीत तिच्याबद्दल छापून येतं ते दोनच प्रकारचं: महसूल किती मिळाला, नाहीतर छापा कुठं पडला.

परत आल्यावर बादली धुतली, उन्हात वाळवली आणि मामाला सहज सांगितलं की आता इथं लावणार. मामा वकील. हातातला कप त्यानं खाली ठेवला. "लावशील आणि जाशील आत. एकोणपन्नासचा दारूबंदी कायदा आहे बाळ. परवान्याशिवाय मद्य बनवणं म्हणजे गुन्हा. हौस म्हणून केलं, घरच्यापुरतं केलं, असलं काही तिथं चालत नाही." म्हणजे दुकानातून क्रेट आणला तर मी ग्राहक, आणि स्वयंपाकघरात वीस लिटर लावली तर हातभट्टीवाली. मला हे पटत नाही, पण माझ्या पटण्यावर कायदा चालत नाही. बादली पोटमाळ्यावर गेली. वही तेवढी खाली राहिली, आणि त्या वहीतूनच बिअरवरचं माझं हे लिहिणं सुरू झालं.

पहिला लेख पाण्यावर लिहिला. सुचला आईमुळं. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही म्हणून ती डाळीपुरतं नळाचं पाणी वेगळं झाकून ठेवते. बिअर करणारा माणूसही नेमकं हेच बघतो, पाणी जड आहे का आणि कशामुळं जड आहे. डर्बीपासून जवळच बर्टन नावाचं गाव आहे. तिथलं पाणीही जडच, पण ते जिप्समनं. त्यामुळं हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, टोकदार लागतो आणि त्यावरच ते गाव पेल एल या फिक्या, कडवट बिअरसाठी नावाजलं. दुसरीकडचे लोक पाण्यात मुद्दाम जिप्सम घालतात. आपलं बोअरचं पाणी काळ्या दगडातून येतं. त्यात बायकार्बोनेट. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तोच. अशा पाण्यात फिकी बिअर केली तर कडवटपणा जिभेवर खरखरतो. खरपूस भाजलेल्या माल्टची काळी बिअर मात्र जमते, कारण भाजलेल्या दाण्याचा आंबटपणा या पाण्याला तोलून धरतो. मोठे कारखाने पाणी आधी शुद्ध करून कोरं करतात, म्हणून त्यांची बिअर कुठंही प्या, सारखीच. कुणी आपल्या पाण्याला धरून काळी बिअर केली तर ती खरी इथली म्हणता येईल, असं मी लिहिलं. अजून कुणी केल्याचं माझ्या कानावर नाही. मी वाट बघतेय.

मग एक दिवस शहरातल्या एका पबच्या फळ्यावर 'ज्वारीची बिअर' वाचलं. नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. नवऱ्याला घेऊन गेले. (एकटी गेले असते तरी चाललं असतं, पण वेटर दर दोन मिनिटांनी "मॅडम, कुणी येणार आहे का?" विचारतो.) ग्लास आला. रंग उसाच्या रसासारखा, फेस बरा. नाकाशी नेला आणि मी थेट डर्बीच्या जिन्याखाली पोचले. लोणी. माझी तिसरी खेप.

बनवणाऱ्याला भेटायचं म्हटलं. आतून पंचविशीतला एक मुलगा आला, गमबूट घातलेला, गंगाखेडकडचा. हळू आवाजात विचारलं, "यीस्टवर किती दिवस ठेवली?"

तो आधी माझ्याकडं, मग नवऱ्याकडं बघत राहिला. "नऊ, ताई. शनिवारी मोठा ग्रुप होता. मालक म्हणाले, काढ." मग आपणच म्हणाला, "अजून दोन दिवस जरा उबेत ठेवली असती तर यीस्टनंच तो वास खाल्ला असता. माहिती होतं मला."

त्यानं आत नेऊन टाक्या दाखवल्या. ज्वारी किती घालतो विचारलं तर तीस टक्के म्हणाला, बाकी बार्ली. पाचशे लिटरच्या खेपेला तीस किलो. ज्वारीचं पीठ तो आधी वेगळं रटरटा शिजवून घेतो आणि जरा निवल्यावर बार्लीत मिसळतो. कारण ज्वारीचा स्टार्च सत्तर अंशांच्या वर गेल्याशिवाय नीट सुटत नाही, आणि त्याची साखर करणारी बार्लीतली एन्झाइम्स तेवढ्या उष्णतेत टिकत नाहीत. "म्हणजे आधी आंबील, मग बिअर," मी म्हटलं. तो पहिल्यांदा हसला. "आजी तेच म्हणती." ज्वारी त्यांच्याच रानातली, परभणी मोती. आमच्या विद्यापीठाचं वाण! मला उगाचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

घरी येऊन लिहायला बसले आणि अडले. वास लिहावा तर त्या पोराची नोकरी, न लिहावा तर मग मी काय लिहिते? शेवटी पबचं नाव गाळून लिहिलं: बिअरला लोण्याचा वास का येतो, तो घाईचा वास कसा आहे, आणि ही घाई बहुतेक वेळा बनवणाऱ्याची नसते. तीन आठवड्यांनी पुन्हा गेले. या खेपेची बिअर स्वच्छ होती, घोटाच्या शेवटी ज्वारीच्या लाह्यांचा हलका कोरडेपणा. तेही लिहिलं.

आईला मात्र हे ज्वारीचं प्रकरण पटलेलं नाही. "भाकरीच्या दाण्याची दारू?" एवढंच म्हणाली. २००७ मध्ये धान्यापासून मद्य बनवायला अनुदान देण्याचं सरकारी धोरण आलं आणि त्यावर रान उठलं, ते तिला चांगलं आठवतं. तीस किलो म्हणजे काहीच नाही, असं मी तिला सांगू शकते. पण पाण्याच्या वेळीही मी आधी असंच म्हणायचे.

बादली पोटमाळ्यावरून खाली आली आहे. नळाला आठवड्यानं पाणी येतं, तेव्हा लिटरच्या खुणा असलेली, झाकणाची बादली म्हणजे सोनंच. डर्बीहून आणलेला हायड्रोमीटर सासूबाईंनी ताब्यात घेतलाय. काढ्यात साखर किती हे बघायचं ते काचेचं तरंगतं यंत्र दुधालाही चालतं, असं मी एकदा बोलून गेले होते. चांगलं दूध तीसच्या आसपास दाखवतं. आता त्या रोज सकाळी उंच ग्लासात दूध ओतून चष्मा लावून आकडा वाचतात.

"आज सव्वीस आलं गं. तुझी बिअर यापेक्षा घट्ट असायची का?"

"सुरुवातीला असायची. अठ्ठेचाळीस. मग यीस्ट तिला पातळ करत आणायचं."

"म्हणजे आपल्या गवळ्यासारखंच," त्या म्हणाल्या आणि दूध गॅसवर चढवलं.