आमची वाटचाल : भोसरीच्या गाळ्यातून

बाबा टर्नर. भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा, दोन साधे लेथ (धातू फिरवून तासायची यंत्रं) आणि सप्लायरच्या सप्लायरकडून येणारं जॉबवर्क, यावर आमचं घर चाललं. बुश, पिना, स्पेसर. पेमेंट नव्वद दिवसांनी, तेही फोन करकरून. 2016 साली मी ठरवलं, आता काम घेऊन जाताना पैसे देणारं गिऱ्हाईक शोधायचं. ओळखीच्या एका टायरवाल्याकडे फुटपाथला घासलेल्या, गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या म्हणजे अलॉय रिम्सचा ढीग पडलेला असायचा. तो म्हणाला, "रंग मारून देणारे ढीगभर आहेत रे. डायमंड कटची रिम मात्र कुणी हातात धरत नाही."

डायमंड कटमध्ये हिरे बसवत नाहीत, हे आजही आठवड्यातून एकदा तरी सांगावं लागतं. आधी जुना रंग उतरवून, टवके-खरचटे भरून पूर्ण रिमला पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवायचा कोरडा रंग) करायचं, बहुतेक वेळा काळं किंवा ग्रे. भट्टीतून निघून गार झाली की सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथच्या चकमध्ये (पकडीत) धरायची आणि फक्त दर्शनी बाजूवरून धातूचा अगदी पातळ पापुद्रा काढायचा, मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाएवढा. टूलच्या टोकाला कृत्रिम हिऱ्याचा तुकडा असतो, तेवढाच काय तो हिरा. कापाच्या त्या बारीक रेषा सीडीवर असतात तशा, म्हणून उन्हात रंग खेळतात. रिमचं ड्रॉइंग कोणीच देत नाही. त्यामुळे मशीनचा प्रोब (स्पर्शाने मोजणारी सुई) आधी तिच्यावरून टिचक्या मारत फिरतो, उतार वाचतो, मग प्रोग्रॅम तयार होतो.

कर्ज काढून सेकंडहँड सीएनसी आणला. दारातून जाईना, म्हणून भिंत पाडावी लागली. बाबा म्हणाले, "ॲल्युमिनियम म्हणजे लोणी. ते कापायला एवढं मशीन?" कापण्यापुरतं त्यांचं बरोबरच होतं. आमची खोड मोडली ती पुढच्या पायरीवर.

पहिल्याच वर्षी रत्नागिरीच्या एका गिऱ्हाइकाच्या चार रिम्स शनिवारी संध्याकाळी कापून झाल्या आणि लाईट गेली. भट्टी बंद. कापलेल्या धातूवर लॅकरचा पारदर्शक थर भट्टीत भाजून बसवायचा राहिला होता. म्हटलं, सोमवारी लॅकर मारू. मारला. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. पावसाळ्यात त्यांचा फोन आला, "अहो, आतून पांढऱ्या अळ्या फिरल्यासारखं दिसतंय." रिम्स परत आल्या. लॅकर वरून शाबूत, खाली गंजाच्या पांढुरक्या नागमोडी रेषा. एका स्पोकवर तर अख्खा अंगठ्याचा ठसा, रेघा मोजून घ्याव्यात इतका स्पष्ट. बाबांनी एक शब्द न बोलता माझा हात धरला आणि अंगठा त्याच्यावर ठेवला. जुळला.

ताजं कापलेलं ॲल्युमिनियम उघडं असतं. दोन रात्रींची दमट हवा, वर माझ्या घामातलं मीठ, आणि तेच मी लॅकरखाली बंद करून दिलं होतं. कोकणातल्या खाऱ्या हवेनं उरलेलं काम केलं. चारही रिम्स फुकट करून दिल्या, जाण्यायेण्याचा टेम्पोही आमचाच. त्या दिवसापासून कापलेल्या रिमला उघडा हात लागत नाही, आणि त्याच पाळीत लॅकर होणार नसेल तर रिम चकमध्ये चढतच नाही. पावसाळ्यात यामुळे डिलिव्हरी लांबते. लोक चिडतात, चिडू देत.

चिडण्याची आणखी दोन कारणं. एक, स्पोकला चीर असेल तर आम्ही काम घेत नाही. चिरेत मुरणारा लाल रंग लावून तपासतो, चीर दिसली की गिऱ्हाइकालाच दाखवतो. तरी "वेल्डिंग मारून द्या की, कोण बघतंय?" हे ऐकावं लागतंच. दुसरं, प्रत्येक कापाला धातू कमी होतो. दोनदा कापलेली रिम तिसऱ्यांदा आली तर आम्ही पूर्ण रंगाचाच सल्ला देतो. कुठली रिम कितव्यांदा आली, ते रजिस्टरमध्ये असतं. आणखी एक गोष्ट कुणाला दिसत नाही, पण आम्ही जपतो : नट बसतात त्या जागा आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारा भाग कोटिंगच्या आधी झाकायचा. तिथे रंगाचा थर राहिला की नट पुढे सैल पडतात.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये शटर बंद, हप्ते चालू. त्याबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय. नंतर मात्र मधल्या बजेटच्या गाड्यांनाही कंपनीतूनच डायमंड कट यायला लागलं, खड्डे होतेच, आणि काम वाढलं. आज आम्ही सात जण आहोत. सीएनसी आयटीआय झालेली एक मुलगी चालवते, माझ्यापेक्षा बरा चालवते. जुन्या दोनातला एक लेथ अजून कोपऱ्यात आहे. दसऱ्याला पहिला हार त्यालाच.

बाबा आता अकराच्या सुमारास चक्कर टाकतात. तयार रिम्सच्या रांगेपुढून सावकाश जातात, वाकून बघतात, दोन्ही हात पाठीमागे बांधून.