गाडी रात्री आमच्याकडे ठेवा : आमची वाटचाल

रत्नागिरीजवळच्या हातखंबा तिठ्यापासून थोडं पुढे, महामार्गाला लागून आमची पत्र्याची शेड आहे. बोर्डावर ‘डिझेल इंजिन काम’ एवढंच लिहिलंय, पण ड्रायव्हर मंडळी आम्हाला ओळखतात ती आवाजासाठी. ‘सकाळच्या पहिल्या स्टार्टला वाजते, मग गप होते’ अशी तक्रार असली की गाडी आमच्याकडेच येते.

कोकणात कसली आली थंडी, असं घाटावरचे लोक म्हणतात. मिरकरवाडा बंदरातून मासळी पोचवून परत निघालेली रिकामी गाडी जानेवारीत आंबा घाटात रात्रभर उभी करून बघा. पहाटे ऑइल चेंबरमध्ये घट्ट होऊन बसलेलं असतं, बॅटरी निम्म्या जोराची, आणि खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी आलेली. स्टार्टर नुसता ‘टक’ करतो. लागलीच गाडी, तर पहिली काही मिनिटं डिझेल नॉक एवढा की नवखा ड्रायव्हर घाबरून बंदच करतो. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. थंड सिलिंडरमध्ये डिझेल उशिरा पेट घेतं आणि साचलेलं एकदम पेटतं, म्हणून तो आवाज. पांढरा धूर जाईल तसा तोही जातो.

टाटा 407 1986 साली बाजारात आली, त्यानंतर काही वर्षांतच ही शेड उभी राहिली. भागीदार होते आमचे थोरले मेस्त्री, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनावर, मूठ कानाला. टॅपेट कव्हर, पंप, टायमिंग केस, कॉम्प्रेसर, एकेका जागी टेकवत जायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज बारीक आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, निम्म्या गतीचा. बिग एंडचा, म्हणजे क्रँकवरच्या बेअरिंगचा, जड, खालून येणारा, ॲक्सिलरेटर सोडताना जास्त. इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या पाइपाने डिझेल देणाऱ्या) गाडीला ते पाना लावून एकेका नोझलच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, पाइपाचं नट सैल करायचे. ज्या सिलिंडरला आवाज बदलला, तिथे दुखणं. तो स्क्रू ड्रायव्हर आजही भिंतीवर खिळ्याला आहे आणि रोज वापरात आहे. मूठ दोनदा बदलली, दांडा तोच.

त्यांचा एक नियम होता : तापलेलं इंजिन खोटं बोलतं. गाडी चालवत आणली, बॉनेट उघडलं आणि निदान सांगितलं, असं त्यांनी कधी केलं नाही. संध्याकाळी गाडी लावून घ्यायची, रात्रभर थंड होऊ द्यायची आणि पहाटे पहिला स्टार्ट स्वतः ऐकायचा. थंडीत येऊन तापल्यावर जाणारा आवाज वेगळा आणि तापल्यावर वाढणारा वेगळा. निम्मं निदान इथेच होतं. आमचं गॅरेज या एका नियमावर उभं राहिलं, आणि त्याच नियमावरून ते बुडायला आलं.

एका ट्रान्सपोर्टवाल्याचा टाटा 1613 ट्रक होता. सकाळी टक-टक-टक, दहा मिनिटांनी बंद. तिठ्यावरच्याच दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, बिग एंड गेलं, क्रँक उतरवायला लागेल, पूर्ण इंजिन काम. मालक आमच्याकडे आला. आम्ही गाडी ठेवून घेतली. पहाटे स्टार्ट केली आणि मेस्त्रींनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) जोडाजवळ हात धरला. गरम फुंकर हाताला लागत होती, बाजूला काजळीचा काळा ओघळ होता. खाऱ्या हवेने ती घट्ट धरणारे दोन स्टड (बोल्ट) गंजून तुटले होते. मॅनिफोल्डचं बीड (ओतीव लोखंड) तापून फुगलं की फट मिटायची आणि आवाज जायचा. बेअरिंगचा आवाज ऑइल पातळ झाल्यावर वाढला असता, गेला नसता. गॅस्केट आणि दोन स्टड, एवढ्यावर काम झालं. मालकाने ही गोष्ट तिठ्यावर सगळ्यांना सांगितली.

हे त्या गॅरेजवाल्याच्या जिव्हारी लागलं. महिन्याभरात बोलणं पसरलं : ‘हे गाड्या रात्री का ठेवून घेतात? चांगली नोझलं काढतात आणि जुनी बसवतात.’ कुणी तोंडावर विचारलं असतं तर उत्तर देता आलं असतं. विचारलं कुणीच नाही, गाड्या यायच्या थांबल्या. ऐन हंगामात शेड रिकामी. स्पेअर पार्टवाल्याने उधारी बंद केली, पतसंस्थेचे हप्ते थकले, आमच्याकडे शिकलेली दोन पोरं त्याच गॅरेजात कामाला लागली. ज्यांच्या गाड्या आम्ही अर्ध्या रात्री जाऊन घाटातून ओढून आणल्या होत्या, ते मालक समोरून हॉर्न न वाजवता जायचे. मेस्त्रींना हे फार लागलं. उभ्या आयुष्यात त्या माणसाने दुसऱ्याचा वॉशर खिशात घातला नव्हता. याला आता बरीच वर्षं झाली, पण विसरायचं मी ठरवलेलं नाही.

तेव्हा मिरकरवाड्याचे चाचा आले. त्यांच्या मासळीच्या गाड्या पहिल्यापासून आमच्याकडे. हातात लाल ऑइलपेंटचा डबा. चहाच्या टपरीवरच्या ड्रायव्हरांना हाक मारून बोलावलं आणि सगळ्यांदेखत एकेका नोझलला, पंपाला, स्टार्टरला ठिपका लावला. म्हणाले, “गाडी तुझ्या दारात, चावी तुझ्याकडे. सकाळी हेच लोक ठिपके मोजतील.” नुसतं त्या दिवशी नाही, तो सबंध हिवाळा त्यांची एक ना एक गाडी रात्री आमच्या शेडमध्ये असायची. उधारीसाठी स्पेअर पार्टवाल्याकडे शब्दही त्यांनीच टाकला. हळूहळू बाकीचे परतले. आजही ठेवलेल्या प्रत्येक गाडीला ठिपके लागतात, पंपाचा नंबर वहीत चढतो, मालकाची सही होते. मेस्त्री गेले, चाचाही गेले; त्यांचा मुलगा गाड्या आमच्याकडेच आणतो.

पुढची वर्षं कामात गेली. 2020 पासून बीएस-6 हे गाडीच्या धुराचे नवे नियम आल्यावर आम्ही गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर घेतला, पण तुटलेला स्टड स्कॅनर दाखवत नाही.

आता गाडीवाल्यांना थोडं सांगतो. थंड इंजिन रेस करू नका. टर्बोच्या (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) बेअरिंगला ऑइल पोचायला वेळ लागतो, तेवढा द्या. आवाज दबावा म्हणून जाड ऑइल ओतू नका, कंपनीने 15डब्ल्यू-40 जाडीचं सांगितलं असेल तर तेच घाला, नाहीतर पहाटे वरच्या टॅपेटांना ते उशिरा पोचतं. दवाने भिजलेला बेल्ट किंचाळतो. थोडं पाणी शिंपडून बघा, आवाज बदलला तर बेल्टच, पंपाच्या बेअरिंगला दोष देऊ नका. आणि कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीला पाइपाचं नट सैल करून सिलिंडर शोधायला जाऊ नका. रेलमधला दाब हजार बारच्याही (हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट) वर जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. ती जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं.

आवाज काढायचा असेल तर गाडी संध्याकाळी आणा. पहाटे पाच वाजता स्टार्ट मारतो, तेव्हा मालकाने स्वतः शेजारी उभं राहायचं.