जुन्या पिकअपच्या मिसिंगचा माग

माझी जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल पिकअप उभ्या-उभ्या मिसिंग करू लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल मध्येच जळेनासे झाले. आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, मध्येच एक हिसका बसायचा आणि बाजूच्या आरशातले दृश्य थरथरायचे. मात्र अ‍ॅक्सिलरेटर दाबून वेग घेतला की इंजिन पुन्हा सुरळीत चालायचे. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा स्थिर होता, हे त्यातल्या त्यात बरे. तो लुकलुकू लागला असता तर गाडी चालवणे मी तिथेच थांबवले असते, कारण न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो अतितापाने निकामी होऊ शकतो.

स्कॅनरने पी०३०३ हा कोड दाखवला, म्हणजे दोष तिसऱ्या सिलिंडरमध्ये होता. मी तिसऱ्याचा स्पार्क प्लग आणि वायर दुसऱ्याला लावून पाहिली. दोष ठिणगीचा असता तर कोड पी०३०२ झाला असता. तो होता तसाच राहिला. तरीही मी चारही प्लग नवे बसवले, हा निव्वळ उतावळेपणा. खरे तर तिसऱ्या प्लगचे टोक इतरांसारखे फिकट तपकिरी नसून पांढरट होते, म्हणजे तिथले मिश्रण पातळ होत होते, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पण पाहूनही मी ते मनावर घेतले नाही. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून मुठीला कान लावला, तर टिकटिक चारही ठिकाणी सारखीच ऐकू आली. कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमधला दाबही, १६५ ते १७२ पीएसआयच्या आत भरले, त्यामुळे व्हॉल्व्ह आणि रिंग यांची धास्ती मिटली.

मग स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहिले, म्हणजे मिश्रण नीट राखण्यासाठी गाडीचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. आयडलिंगला ते अधिक १६ टक्के होते आणि २,५०० आरपीएमला जेमतेम ४. मिसिंगमुळे न वापरलेला ऑक्सिजन धुराच्या नळीतल्या सेन्सरपर्यंत जातो आणि नुसत्या त्यानेही ट्रिम वाढते, म्हणून या एका आकड्यावर विसंबता येत नाही. पण वेग वाढताच फरक ओसरणे हे बाहेरून हवा शिरत असल्याचे लक्षण होते, कारण इंजिन जास्त हवा ओढू लागले की फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा नगण्य होतो. कमकुवत ठिणगीचे सहसा याच्या उलट असते, ती भार पडल्यावर दगा देते. गाडी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती आणि मी प्लग खोलत बसलो होतो.

इंजिन चालू ठेवून इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांवर, थोडे-थोडे पाणी फवारत गेलो. तिसऱ्या नळीच्या मागच्या बाजूला फवारा पडताच इंजिनचा आवाज बदलला. तिथल्या वापरात नसलेल्या तोटीवर बोटाच्या पेराएवढी रबरी टोपी होती. वरून धडधाकट दिसत होती, पण खालून बोट फिरवले तेव्हा भेग नखाला लागली. नवी टोपी क्लिप लावून बसवली आणि कोड पुसला. आयडलिंगचे ट्रिम ३ टक्क्यांवर आले व आरशातली थरथर थांबली. काढलेले चारही प्लग अजून डब्यात आहेत. त्यांतला एकही खराब नव्हता.