अठ्ठेचाळीस वर्षांचे सहा 'बॅचलर' आणि अलिबाग

आम्ही सहा जण, कराडला इंजिनिअरिंगला एकत्र, 1999 ची बॅच. अलिबागला जायची तारीख ठरली, बायकांनी सोडलं, तिघे पुण्याहून गाडीने आणि तिघे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, असंही ठरलं. अडलं कुठे तर राहायच्या जागेवर.

अलिबागजवळचा एक बंगला आवडला. स्विमिंग पूल, समोर नारळाची वाडी, फोटो तर असले की विचारू नका. निम्मे पैसे ॲडव्हान्स मागितले, दिले. सहाही जणांची आधार कार्डं मागितली, पाठवली. आणि निघायच्या दोन दिवस आधी, गुरुवारी संध्याकाळी साडेसातला फोन, "सर, फॅमिली आहे ना सोबत?" म्हटलं नाही, मित्र मित्र आहोत. "मग जमणार नाही सर, स्टॅग अलाऊड नाही." मला आधी कळेचना की स्टॅग म्हणजे नुसते पुरुष, म्हणजे आम्ही! अहो आमच्यातल्या एकाचा मुलगा यंदा बारावीला आहे, एकाला बायपास होऊन वर्ष झालंय, जोश्या दहाला झोपतो, आम्ही काय राडा घालणार? तर तो म्हणे, "कपल असेल तर बघतो." बंड्या म्हणाला, "मी आणि पाटल्या सव्वीस वर्षं भांडतोय, आम्हाला कपल धरा." तो हसला पण नाही. मॅनेजरशी बोलायचं म्हटलं तर मॅनेजर जेवायला गेलेत. रात्री साडेदहापर्यंत जेवतच होते.

राग आला तो ह्याचा की आधार कार्डं बघितली तेव्हा सहाच्या सहा पुरुष दिसले नाहीत का? तेव्हा पैसे घ्यायचे होते. त्यांचंही थोडं खरं असेल, पोरं पिऊन पूलमध्ये धिंगाणा घालतात म्हणून हा नियम आला असणार, पण मग तो जाहिरातीत लिहा ना. त्यामुळे सल्ला एकच, पैसे पाठवायच्या आधी "सगळे पुरुष आहोत, चालेल का" हे मेसेजवर विचारा, तोंडी नको, आणि उत्तर जपून ठेवा.

शेवटी पाटल्याच्या ऑफिसातल्या एकाची मावशी नागावला खोल्या देते असं कळलं. मावशींनी आधार वगैरे काही मागितलं नाही, म्हणाल्या "तुमच्यातल्या कुणाच्या तरी मिसेसला फोन द्या." माझी बायको त्यांच्याशी वीस मिनिटं बोलली, काय बोलली ते अजून सांगत नाही, पण बुकिंग कन्फर्म! ॲडव्हान्स शून्य.

हो, अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं असेल तर ओहोटी बघून जा. मावशींनी हिशोब शिकवला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्या शनिवारी द्वादशी, म्हणजे नऊला भरती, पुढे सहा तासांनी ओहोटी. आम्ही तीनला पँटी वर करून गेलो, आत गणपतीचं देऊळ आहे आणि भर समुद्रात असून विहिरीला गोडं पाणी. परत यायची वेळ मात्र धरून ठेवा, पांड्या सेल्फीत रमला होता, त्याला अक्षरशः ओढून आणला.

रात्री वाडीत पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा, जाडं मीठ, पाण्याचा किंवा तेलाचा थेंब नाही, मडकं उपडं आणि भोवती जाळ. मावशींचा मुलगा मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारून बघत होता, चर्र झालं की काढायचं. थंडीतच मिळते ही, वालाच्या शेंगा असतात तोवर. जोश्या त्या रात्री दीडला झोपला.

रो-रोवर गाडी न्यायची असेल तर तिकीट आधीच काढा, हे वर लिहायचं राहिलं. आम्ही तिघे नुसते बसून गेलो, तासाभरात मांडवा.

बंगलेवाल्याचे पैसे तेवीस दिवसांनी आले, आठशे कापून. कशाचे म्हणून फोन केला तर म्हणे, "सर, कॅन्सलेशन तुमच्या साइडने झालंय."