तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्याकडे पोळ्या का होत नाहीत

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी ताटावर बसताना प्रश्न येतोच. "वहिनी, तुमच्याकडे गव्हाची पोळी करतच नाहीत का? डॉक्टरांनी बंद केलीय?" डॉक्टरांचा काही संबंध नाही. पोळीशी माझं वैरही नाही.

आम्ही अमळनेरचे. घरात वर्षाची दादर भरलेली असते. दादर म्हणजे खान्देशातली रब्बी ज्वारी. तापीकाठच्या काळ्या, भारी जमिनीत पाऊस ओसरताना पेरायची. पुढे जमिनीनं धरून ठेवलेली ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावर ती माणसाच्या डोक्यावर जाते. गव्हाला चार-पाच पाण्याच्या पाळ्या लागतात आणि आमच्याकडे त्यासाठी रात्री-बेरात्री मोटार चालू करायला उठावं लागतं. दादरीला ते नाही. दाणे आपल्याला, कडबा गुरांना.

हे सगळं मला मामांच्या विहिरीमुळे कळलं. मामा यावलकडचे, केळीवाले. लहानपणी त्यांच्या विहिरीत वाकलं की आपलं तोंड दिसायचं. आता ती कोरडी आहे, शेजारी बोअर आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी मामा खाली किती पाईप वाढवले ते सांगतात. हिशोब सरळ आहे. जळगाव जिल्ह्यात वर्षाला पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि केळीला एका पिकाला साधारण 1800 ते 2000 मिलिमीटर पाणी. ठिबकनं पुष्कळ वाचतं, तरी उरलेली तूट जमिनीच्या पोटातूनच भरायची. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मीही हरखले होते. केळी खाऊ नका असं मी म्हणणार नाही; मामांचं घर त्या पिकावर उभं आहे.

"म्हणजे लोकल खायचं, एवढंच ना?" हा पाहुण्यांचा पुढचा प्रश्न. एवढंच असतं तर बरं होतं. मामांची केळी लोकलच आहेत की! पुअर आणि नेमेचेक या दोन संशोधकांनी 2018 मध्ये 119 देशांतल्या शेतांची माहिती एकत्र केली. अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा निघाला सुमारे सहा टक्के. बराचसा भार शेतातच पडलेला असतो : खत, गुरं, भाताच्या खाचरातला मिथेन. म्हणून माल किती लांबून आला याआधी मी विचारते, तो पिकला कशावर?

आमच्या कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळतात. उडदाच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरतात, तेवढा युरिया कमी. सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांना कळण्याची भाकरी आणि ठेचा आवडायचा, बस्स.

आणि भरीत. थंडीत कपाशी वेचून झाली की पऱ्हाट्या बांधावर पडून राहतात. बहुतेक जण पेटवून मोकळे होतात. आम्ही त्याच काड्यांवर वांगी भाजतो. साल काळी पडून तडकते, आतून रस फसफसतो, मग सोलून बडगीत घालायचं आणि मिरची-लसणाबरोबर ठेचायचं. धूर होतोच, नाही म्हणत नाही. गॅसवरच्या वांग्याला ती चव येत नाही, हे कारण मात्र पर्यावरणाचं नाही, जिभेचं आहे.

उरलेली भाकरी सकाळी कुस्करून फोडणीला जाते. त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी मामांकडून केळ्यांची पेटी येते. सगळी एकदम पिकतात, मग शिकरणाचा बेत ठरतो. आणि शिकरणाबरोबर भाकरी काही चालत नाही. त्या दिवशी आमच्याकडेही पोळ्याच.